मदत हवी आहे: हार्ड डिस्क टकटक करतेय, त्यातली गाणी परत मिळतील का?

मंडळी, जरा अर्जंट आहे. परवा रात्री गाणी ऐकता ऐकता कॉम्प्युटर हँग झाला, रिस्टार्ट केला तर गाण्यांची १ टीबीची डिस्क दिसेचना. कान लावला तर आतून टक... टक... टक, मग दोन सेकंद शांतता, परत तेच. मधे एकदा दिसली तेव्हा विंडोज म्हणे डिस्क फॉरमॅट करा, तिथे कॅन्सल दाबायची अक्कल होती. पण नंतर चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं) लावून झोपलो तो गाढवपणा झालाच, सकाळी १२ टक्क्यांवर अडकलेलं होतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवायचं नसतं हे आत्ता कळतंय.

बॅकअप होता का विचारू नका. होता. त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमधे. हसा.

बाकी गाण्यांचं एवढं नाही, ती कुठेतरी मिळतील. जीव अडकलाय तो 'कॅसेट' नावाच्या फोल्डरमधे. बाबा आणि त्यांचे मित्र घरी गायला बसायचे त्या ३१ कॅसेटी मी डेकवरून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या, ९० मिनिटांची कॅसेट म्हणजे ९० मिनिटं समोर बसून राहायचं. सगळं वेव्हमधे (आवाज न दाबता ठेवणाऱ्या मोठ्या फाइली), एकेक कॅसेट साधारण ९५० एमबी. मूळ कॅसेटींना बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या, त्याचं आता फार वाईट वाटतंय.

जे वाचलं त्यावरून, आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने सगळ्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि रिकव्हरी त्या इमेजवर करायची, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. पण टकटक म्हणजे हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) गेलं असेल तर डीडीरेस्क्यू चालवण्यातही धोका आहे ना, हेड प्लेटवर घासत असेल तर? का सरळ रिकव्हरी लॅबला द्यावी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. (फ्रीजरमधे ठेव असं सांगणारे दोन जण भेटलेत, दव धरेल म्हणून नाही ठेवली.)

दुसरं, फोटोरेक या फाइली शोधून काढणाऱ्या प्रोग्रॅमने फाइली मिळाल्या तरी नावं जातात. एमपीथ्रीच्या आत टॅग असतात, त्यावरून गाणं ओळखता येतं, माझ्या वेव्हला टॅगच नाहीत. आणि एवढ्या मोठ्या फाइली डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडल्या असतील तर फोटोरेक त्या नीट जोडतो का?

तिसरं म्हणजे जुना आयपॉड सापडलाय, त्यात काही कॅसेटी एमपीथ्री करून टाकलेल्या. नव्या कॉम्प्युटरला जोडला तर आयट्यून्स इरेज अँड सिंक (आतलं पुसून नव्याने भरू का) विचारतंय, घाबरून काढूनच टाकला.

अपडेट: खाली ज्यांनी हिडन फाइल्स दिसतील असं करा सांगितलं त्यांचे आभार. आयट्यून्सला नाही म्हटलं, आयपॉड पेनड्राइव्हसारखा उघडला, आयपॉड_कंट्रोलमधल्या म्युझिक फोल्डरात एफ००, एफ०१ अशी फोल्डरं आणि आत चार अक्षरी अगम्य नावांच्या फाइली. सगळ्या कॉपी केल्या, दोन ठिकाणी. ११ कॅसेटी आहेत. पहिली लावली तर सुरुवातीलाच बाबा कोणालातरी ओरडतायत, अरे आधी तंबोरा तरी लावून घे. उरलेल्या २० साठी डिस्क बंद करून ठेवलीये, लॅबचा अनुभव असेल तर लिहा.