‘ब्रीदर’, ‘बॅक कॉम्प्रेशन’ आणि क्रँककेसचे वायुवीजन

विचारणा

बाहेरून विकत घेऊन बसवायच्या एअर इनटेकसोबत (इंजिनात हवा नेणारा पाइप व फिल्टर) येणारे जोडणीचे माहितीपत्रक मराठीत करून द्यावे, असे अक्कलकोट रस्त्यावरील एका गॅरेजमालकांनी मला सांगितले आहे. त्यात ‘क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग) व्हेंटिलेशन’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्यासाठी ‘वायुवीजन’ लिहावे की ‘संवातन’, हे ठरत नाही. गॅरेजमध्ये तर सगळेच नुसते ‘ब्रीदर’ म्हणतात. ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणजे हेच का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी सोलापुरात ऑटोमोबाईलचा विषय शिकवतो, त्यामुळे हे शब्द रोजच तोंडात असतात. सिलिंडरमध्ये ज्वलन होते तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘चेंबर’ म्हणतात त्या भागाकडे, उतरतोच. त्यात जळालेले वायू, न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ असते. नव्या इंजिनातही हे घडते. रिंगा झिजल्या की त्याचे प्रमाण इतके वाढते, की ऑइल भरण्याचे झाकण काढताच धुराचे भपके येऊ लागतात, आणि तेव्हाच मिस्त्री ‘गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय’ असे निदान करतात. म्हणजे हा शब्द बिघाडाचा आहे. माहितीपत्रकात तो सर्वसाधारण अर्थाने आला, तर धडधाकट गाडीचा मालकही विनाकारण धास्तावेल. तेथे ‘रिंगांच्या कडेने निसटणारा वायू’ असे सरळ लिहावे.

‘ब्रीदर’ची अडचण वेगळी आहे. टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणावरच्या) तोंडालाही ब्रीदर म्हणतात, तेथून इनटेकपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीलाही म्हणतात आणि त्या तोंडावर थेट खोचता येणाऱ्या छोट्या शंकूसारख्या फिल्टरलाही म्हणतात. ‘ब्रीदर जोडा’ एवढेच लिहिले, तर एक जण नळी जोडेल, दुसरा तो छोटा फिल्टर बसवून मोकळा होईल, आणि सूचना पाळली असे दोघांनाही वाटेल.

पेट्रोल गाडीत चेंबरमधल्या हवेसाठी सहसा दोन वाटा असतात. एक नळी पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) झडपेतून थ्रॉटलच्या (रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पलीकडे मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला) जाते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त असते, त्यामुळे झडपेतला दट्ट्या खेचला जाऊन वाट अरुंद होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि वाट रुंदावते. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झालाच, तर झडप मिटून ज्वाळा चेंबरमध्ये जाऊ देत नाही. (येथे ‘निर्वात’ हा शब्द नको. मॅनिफोल्डमध्ये पोकळी नसते, फक्त दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. ‘ओढ’ हाच नेमका शब्द आहे.) दुसरी नळी फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपातून गाळलेली ताजी हवा टॅपेट कव्हरमध्ये आणते. पूर्ण रेस दिली, की मात्र मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ नाहीशी होते, निसटणारा वायू वाढतो आणि तो याच नळीतून उलट इनटेककडे येतो. ही नळी दोन्ही दिशांनी वाहत असल्यामुळे तिला ‘ब्रीदर’ म्हणणे मला खरोखर योग्य वाटते, परंतु दरवेळी ‘ब्रीदर नळी’ असे पूर्ण लिहावे. आधी सांगितलेली पहिली नळी ती ‘पीसीव्ही नळी’.

राहिला मूळ शब्द. ‘संवातन’ चुकीचा नाही, पण वाचणाऱ्याला तो अडवेल. ‘वायुवीजन’ ओळखीचा आहे. त्याचा धोका असा, की यंत्रमागाच्या शेडला असतात तशा बाहेर उघडणाऱ्या झरोक्यांचे चित्र तो मनात उभे करतो. एके काळी इंजिनाचेही तसेच होते: एक नळी गाडीखाली लोंबत असे आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने आतले वायू सरळ रस्त्यावर ओढले जात. कॅलिफोर्नियात 1961 च्या नव्या गाड्यांपासून ते वायू पुन्हा इंजिनातच नेऊन जाळण्याची सक्ती आली, आणि आजच्या गाड्यांत ही वाट बंदिस्तच असते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘क्रँककेसचे बंदिस्त वायुवीजन’ असे लिहावे. ‘बंदिस्त’ गाळले, तर तोंड मोकळे सोडण्याला आपणच शब्द पुरवल्यासारखे होईल.

दुसरा प्रतिसाद

सर, मी गॅरेज चालवतो. तेलकट वाफ इनटेकमध्ये जाऊ नये म्हणून गिऱ्हाइके तो छोटा फिल्टरच मागतात. त्यात नेमके काय बिघडते? आणि ‘कॅच कॅन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे परिणाम लगेच दिसतो. छोट्या फिल्टरमधून चेंबरमध्ये शिरलेली हवा पीसीव्हीवाटे मॅनिफोल्डला पोहोचते, पण सेन्सरने ती मोजलेली नसते. मिश्रणात इंधन कमी पडते, आयडल डळमळते आणि चेक लाइट लागू शकते. मॅनिफोल्डचा दाब मोजून इंधन देणाऱ्या गाडीत हा दोष फारसा जाणवत नाही, आणि म्हणूनच ‘माझ्या गाडीला काहीच झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. तेलकट वाफ मात्र दोन्ही गाड्यांत बॉनेटखाली पसरते, तिचा वास केबिनमध्ये येतो आणि उन्हाळ्यात आपल्याकडची बारीक धूळ त्या ओल्या फिल्टरवर व टॅपेट कव्हरवर लिंपली जाते. कव्हरवरचे तोंडच बुचाने बंद केले, तर त्याहून वाईट: पूर्ण रेसमध्ये दाबाला वाट उरत नाही, सीलमधून ऑइल झिरपू लागते, कधी ऑइलची गेज-पट्टी वर उचलली जाते.

नव्या पाइपाला ब्रीदर नळी चढवण्यासाठी जागा, म्हणजे निपल, असलीच पाहिजे, आणि ती सेन्सरच्या पुढे व थ्रॉटलच्या अलीकडे हवी. टर्बो असेल तर टर्बोच्या अलीकडे, नाहीतर टर्बोचा दाब सरळ चेंबरमध्ये घुसेल. तिचे भोक मूळच्यापेक्षा लहान नको. नळी ऑइल सोसणारी घ्यावी, कारण पाण्याची साधी रबरी नळी थोड्या दिवसांत आतून फुगून मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. काम झाल्यावर आयडलला ब्रीदर नळी क्षणभर चिमटून ऑइलच्या तोंडावर कागद धरावा. पीसीव्ही ठीक असेल, तर तो कागद अलगद आत खेचला जाऊन चिकटतो.

तेलकट वाफेची काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय कॅच कॅन हाच आहे; मात्र तो बंद हवा, आत गाळणी असलेला हवा, दोन्ही टोकांनी नळीत जोडलेला हवा आणि वेळोवेळी रिकामा केलेला हवा. लिहिताना ‘कॅच कॅन’च ठेवावे आणि पहिल्यांदा त्यापुढे ‘वाफेतले तेल अडवणारा डबा’ असा खुलासा द्यावा.

विचारणा करणारे

आभारी आहे. वाक्य असे केले आहे: ‘टॅपेट कव्हरवरून येणारी ब्रीदर नळी नव्या पाइपावरील, सेन्सरच्या पुढच्या निपलला जोडून क्लिप आवळावी, निपल बुचाने बंद करू नये.’ ‘निपल’ऐवजी ‘तोटी’ लिहू का?

प्रतिसाद

‘निपल’च ठेवावे. ‘तोटी’ म्हटले की पाण्याचा नळ डोळ्यांसमोर येतो, आणि दुकानात ती वस्तू ‘होज निपल’ म्हणूनच मागावी लागते. ‘बंद करू नये’ यापुढे ‘किंवा मोकळे सोडू नये’ हेही जोडावे, कारण मोकळ्या निपलमधून न गाळलेली हवा आत जाते.