मदत हवी आहे : जुन्या कोलंबस नावेचा शाफ्ट न काढता कसा तपासावा?

बंद पडलेल्या पार्कातून उतरवलेली जुनी कोलंबस नाव (जत्रेतली झोके घेणारी मोठी नाव) घेतली आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावायचा विचार आहे, पण मुख्य शाफ्टची (नाव ज्यावर झुलते त्या आडव्या दांड्याची) खात्री पटल्याशिवाय एकही लेकरू त्यात बसवणार नाही.

नाव चार लोखंडी हातांवर टांगलेली, खालून टायर घासून झोका मिळतो. टायर नवे टाकले, हातांचे सगळे बोल्ट ८.८ ग्रेडचे बसवले. वेल्डिंगवरचा रंग खरवडून चिरेत शिरणारा लाल डाय मारला, १५ मिनिटांनी पुसून तो बाहेर ओढणारा डेव्हलपर फवारला. एका हातावर, गसेट प्लेट (सांध्याला बळ देणारी पट्टी) संपते नेमकं तिथं, केसाएवढी लाल रेघ उमटली. तो हात नवाच करायला दिलाय. वरून वेल्डिंगचा थर चढवून भागवायचं नाही.

अडलंय शाफ्टपाशी. माल ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद), व्यास ९० मिमी, बेअरिंगपाशी पायरी पाडून ८० केलेला. झोक्यागणिक ताण बदलतो आणि पायरीच्या कोपऱ्यात तो एकवटतो, म्हणून चीर पडली तर बहुधा तिथंच पडणार. ती जागा बेअरिंगच्या आड आहे आणि डायला फक्त वरची चीर दिसते. बेअरिंग गच्च बसलेत, पुलरनं ओढले तर शाफ्टला ओरखडे पडतील. शाफ्टची दोन्ही टोकं मात्र उघडी आहेत. ड्रॉइंग मिळालेलं नाही.

टोकावरून सरळ प्रोबनं (ध्वनिलहरी सरळ आत सोडणाऱ्या) अल्ट्रासोनिक तपासणी केली, तर पायरीच्या प्रतिध्वनीत चिरेचा प्रतिध्वनी झाकला जातो का? की अंगावरून, तिरप्या लहरी सोडणारा अँगल प्रोबच लावावा लागेल? आणि मशीन घेऊन जागेवर येणारा लेव्हल-२ (अशा तपासणीचं प्रमाणपत्र असलेला) तपासनीस नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरात कुठं मिळेल?