मदत हवी आहे : डोमेनवरच्या मोफत ईमेलचे मेल स्पॅममध्ये जातायत

नमस्कार मंडळी,

घरगुती मसाल्यांच्या उद्योगासाठी डोमेन घेतलंय आणि त्यावर झोहो मेलची मोफत योजना लावतोय. 5 जणांची खाती, प्रत्येकी 5 जीबी जागा. आयमॅप-पॉप (दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मेल आणायची सोय) नाही, त्यामुळे आउटलुकमध्ये जोडता येत नाही. ब्राउझर आणि मोबाइल अ‍ॅपवर भागतं.

डोमेनची पडताळणी झाली. एमएक्सच्या, म्हणजे येणारे मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ते सांगणाऱ्या, तिन्ही नोंदी (प्राधान्य 10, 20, 50) टाकल्या, होस्टिंगच्या जुन्या काढून टाकल्या. त्या राहिल्या तर काही मेल जुन्याच पेटीत जाऊन पडतात आणि ऑर्डर हुकते. येणारे मेल आता व्यवस्थित येतायत.

जाणारे मात्र ग्राहकांच्या स्पॅममध्ये. जीमेलवर पाठवून 'मूळ दाखवा' उघडलं, तर एसपीएफपुढे (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ती यादी) 'पर्मएरर', म्हणजे नोंदीतच चूक. डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी आहेत, एक होस्टिंगची आणि एक नवी, चालते एकच. होस्टिंगची सरळ उडवता येत नाही, कारण वेबसाइटचा चौकशी फॉर्म तिथूनच मेल पाठवतो.

दोन्हींचे 'इन्क्लूड' (दुसऱ्याची यादी जोडणारे भाग) एका ओळीत घेतले, तर एसपीएफची 10 डीएनएस लुकअपची (डोमेनच्या नोंदी शोधण्याची) मर्यादा ओलांडते का, हे कुठे मोजता? होस्टिंगच्या इन्क्लूडच्या पोटात आणखी बरेच आहेत.

दुसरं, डीकेआयएमची (मेल आपल्याच डोमेनचा आहे हे दाखवणारी डिजिटल सही) 2048 बिटची किल्ली 255 अक्षरांच्या वर जाते आणि डीएनएस पॅनल ती घेत नाही. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकू, की 1024 बिटची घेऊ? ज्यांनी तुकडे करून टाकलीय त्यांनी तुकड्यांमध्ये जागा सोडली का, तेही सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय.