एक शाळा, एक वर्ग: तुमच्या घरात काय घडलं? (अनुभव धागा)

शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायला लावली. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतं. वर्गात पुढं काय झालं, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं, नाहीतर स्वतः पाहिलेलं लिहा. घर पलीकडच्या बाजूचं असेल तर आवर्जून लिहा, ती बाजू सहसा कुणी सांगत नाही.

•

आमचे आजोबा कागलकडचे, हुकुमानंतर शाळेत गेलेले. बसायचं दाराशी, घरून आणलेल्या पोत्यावर. मास्तर पाटी हातात घेत नसत. जमिनीवर ठेवायला लावायचे आणि छडीच्या टोकानं चूक दाखवायचे. चौथी झाली, नोकरी लागली, पेन्शन बसली. तरी शेवटपर्यंत वाण्याला पैसे हातात दिले नाहीत, फळीवर ठेवून हात मागं घ्यायचे. मी चिडायचो. "ऱ्हाऊ दे रं, सवय हाय," एवढंच म्हणायचे.

•

मी पलीकडच्या बाजूची. वडील साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात वाढले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेलं, १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेलेलं. सगळ्या जातींची पोरं मिळून भाकऱ्या थापत, एका पंगतीला जेवत. सुट्टीत गावी आले की आजी आधी गोमूत्र शिंपडायची, मग उंबरा ओलांडू द्यायची. वडील हसून सांगायचे. त्यांचे बोर्डिंगातले मित्र आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे. पण ताईनं त्यांच्यापैकीच एकाच्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा हेच वडील दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. बोर्डिंगानं त्यांना किती बदललं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

•

आमच्या गावात शाळा एक, स्मशानं दोन. बाकी काय लिहू?

•

१९८०च्या दशकात, मराठवाड्यात. "बीसीवाले उभे राहा, फॉर्म भरायचेत." वर्षातून एकदाच, पण नंतर आठवडाभर डब्याला कोण कुणाजवळ बसतं ते बदलायचं.

•

मी शिक्षिका आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा आल्या. आमच्याकडे पालकसभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आरटीईवाल्यांची तुकडी वेगळी नाही का करता येणार?" मुलं विचारत नाहीत. निदान तिसरीपर्यंत तरी नाही.