कुत्र्याला फुटाळ्यावर नेता येते की नाही? अर्जंट मदत हवी

ब्रुनोचा_बाप | सोमवार, रात्री 8:52
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थोडक्यात लिहितो. रविवारी संध्याकाळी कुत्र्याला घेऊन आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलो होतो, तिथं एका फॅमिलीशी जरा बोलाचाली झाली, आणि नशीब असं की ते आमच्याच फ्लॅट स्कीमच्या मागच्या विंगमधले निघाले. आता सेक्रेटरीनी उद्या सकाळी 10 ला मीटिंग लावली आहे. म्हणून राहिले की कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधल्याशिवाय खाली आणायचं नाही आणि लिफ्ट तर बिलकुलच नाही. मला फक्त एवढं पाहिजे की पब्लिक प्लेसमध्ये कुत्रं नेता येते असा काही नियम, परिपत्रक, जीआर असेल तर टाका. प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवतो. प्लीज लेक्चर नको.

वऱ्हाडी_ठेचा | 8:58
कोणतं कुत्रं आहे भाऊ? वय काय?

ब्रुनोचा_बाप | 9:01
लॅब. अडीच वर्षं. त्याचा काय संबंध? नियम विचारून राहिलो.

वऱ्हाडी_ठेचा | 9:03
संबंध आहे. चौतीस-पस्तीस किलोचं धूड आणि चार किलोचं पॉम यात फरक असते. बोलाचाली कशावरून झाली ते नाही सांगितलं तुम्ही.

कायदा_कट्टा | 9:10
नियम विचारला आहे तर नियम सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना शोधा. त्यात आहे की सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, मझलची म्हणजे तुमच्या त्या जाळीची सक्तीही करता येत नाही. पण अर्ध्यावर प्रिंट कापू नका, कारण त्याच कागदात मालकांनाही सांगितलं आहे की बाहेर पट्टा धरून फिरवा, शी उचला, लस टोचून घ्या. आणि हे सगळं सोसायट्यांसाठी आहे, फुटाळा काही सोसायटी नाही. दुसरं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पण वाचून जा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हेच आयपीसीचं 289 होतं. समोरच्यानं ते आणलं तर तुमचं परिपत्रक टेबलावरच राहील.

ब्रुनोचा_बाप | 9:14
थँक्यू सर. 291 चा प्रश्नच नाही, आमचा ब्रुनो काहीच करत नाही.

दोन_पोरांची_आई | 9:17
हे वाक्य. हेच वाक्य. ट्रॅफिक पार्कच्या बाहेर, अंबाझरीला, आमच्या लेआऊटमध्ये, जिथं जाईन तिथं ऐकते. "काही करत नाही हो ताई, खेळून राहिला." अहो माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तुमच्या कुत्र्याचं तोंड तिच्या तोंडासमोर येते, तिला काय माहीत खेळून राहिला की खाऊन राहिला? ती रडली की तुम्ही हसता. मला कुत्र्यांचा राग नाही, हसण्याचा आहे.

नवतपा_45 | 9:21
मुद्दा बाजूला ठेवा, संध्याकाळी किती वाजता नेलं होतं? मे महिना आहे. सहा वाजतासुद्धा डांबर तापलेलं असते. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्याला पण होत नाही, तो चप्पल घालून नाही आला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जिभेवरच सगळा भार. मी सकाळी साडेपाचला सेमिनरी हिल्सला नेतो, सातच्या आत घरी, मग दिवसभर साहेब कूलरसमोर. फार धापा, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओता, हवा घाला आणि गाडीत टाकून सरळ डॉक्टरकडे.

ब्रुनोचा_बाप | 9:23
उन्हाचा प्रॉब्लेम नाहीच आहे. कोणी वाचते का प्रश्न?

हार्नेस_मास्टर | 9:26
भाऊ तुमचा पट्टा बदला, सगळे प्रॉब्लेम खतम. गळ्याचा पट्टा लॅबला पुरत नाही, छातीसमोर हुक असलेला हार्नेस घ्या, ओढलं की तोच तुमच्याकडे वळते. माझा पहिले मला वेस्ट हायकोर्ट रोडवर फरफटत न्यायचा, आता एका बोटावर चालते. आणि ते बटण दाबून लांब होणारं दोरीचं यंत्र असेल तर आजच फेका. गर्दीत ती बारीक दोरी कोणाच्या पायाला गुंडाळली तर कातडी सोलून काढते.

वऱ्हाडी_ठेचा | 9:28
हार्नेस नंतर. ब्रुनोचे बाबा, पट्टा होता ना रविवारी?

ब्रुनोचा_बाप | 9:33
पट्टा होता.

वऱ्हाडी_ठेचा | 9:34
कुठं होता?

ब्रुनोचा_बाप | 9:40
गळ्यात होता. दुसरं टोक हातात नव्हतं. बायको भुट्टे घ्यायला गेली, मी दोन मिनिटं फोनवर होतो. तेवढ्यात तो उठला.

दोन_पोरांची_आई | 9:41
झालं.

निवृत्त_मास्तर | 9:44
पाळीव कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, आमच्या प्रतापनगरात रात्री नऊनंतर स्कूटर नेता येत नाही, सात-आठ मोकाट कुत्री मागे लागतात. आणि त्यांना बिस्किटं घालणारे वेगळेच. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं स्पष्ट सांगितलं होतं की ज्याला खाऊ घालायचं आहे त्यानं कुत्रं घरी न्यावं. कोणी नेलं?

भुरीची_मावशी | 9:49
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगता तुम्ही नेहमी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली होती. आणि मी घालते बिस्किटं, घालणार. आमच्या गल्लीतल्या अकरापैकी नऊ जणांची नसबंदी मी स्वतः मागे लागून करून घेतली आहे, रिक्षाचे पैसेही माझेच. तुमच्या गल्लीत कोण करून राहिलं?

निवृत्त_मास्तर | 9:52
मग चावलं की इंजेक्शनचे पैसेही तुम्हीच द्या.

कायदा_कट्टा | 9:54
मोकाट कुत्र्यांवर वेगळा धागा काढा दोघं मिळून. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम तिथं लिहितो मी.

इतवारी_एक्सप्रेस | 9:57
कुत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, कुत्र्याला ट्रेननी पुण्याला नेता येते का? सासूबाईंकडे महिनाभर ठेवायचं आहे.

व्हेट_कॉलेजची_पोरगी | 10:02
एक सरळ प्रश्न. तुम्ही लिहिलं की तो उठला. उठून काय केलं? कोणाला चावला, ओरखडलं, पाडलं? आणि रेबीजचं शेवटचं इंजेक्शन कधीचं आहे? मी सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी शिकते म्हणून विचारते, भांडायला नाही.

ब्रुनोचा_बाप | 10:11
चावला नाही!! त्यांच्या पोराच्या हातात भुट्टा होता, त्यासाठी उडी मारली. पोरगा पडला, सात-आठ वर्षांचा असेल. कोपर खरचटलं. त्याचा बाप एवढा चिल्लावला की पूर्ण चौपाटी आमच्याकडे पाहून राहिली होती. मी सॉरी म्हटलं ना दोनदा. इंजेक्शन सगळे झाले आहेत.

व्हेट_कॉलेजची_पोरगी | 10:13
कोपर पडून खरचटलं की नखानं? रक्त आलं होतं का? आणि "सगळे झाले" नको, कार्डावरची तारीख पाहून सांगा. रेबीजचा बूस्टर दरवर्षी लागतो.

हार्नेस_मास्टर | 10:15
भुट्ट्यावरून आठवलं, त्यानं तो भुट्टा गिळला तर नाही ना? दाणे नाही, मधला दांडा. पोटात अडकते, ऑपरेशनची वेळ येते. फुटाळ्यावर खाली पडलेले असतातच. तसंच तर्री पोह्याची प्लेट चाटू देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. सावजीची हाडं पण नाही, शिजलेलं हाड काचेसारखं फुटते.

ब्रुनोचा_बाप | 10:31
कार्ड सापडलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये झालं होतं. म्हणजे 14 महिने झाले. पपीचे सगळे वेळेवर केले होते, या वर्षी राहून गेलं. पोराच्या दंडावर दोन ओरखडे होते, बायको म्हणते थोडं रक्त होतं, मी नीट पाहिलं नाही.

व्हेट_कॉलेजची_पोरगी | 10:36
मग परिपत्रक राहू द्या. आत्ता त्यांना फोन करा. रक्त निघालेला ओरखडा हा रेबीजच्या हिशोबात चावल्यासारखाच धरतात, कारण कुत्रं पंजे चाटते. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची असते, काल धुतली की नाही विचारा, नसेल तर आता तरी. पोराला डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात नेलं तरी चालते. लस पहिल्या दिवशी, मग तिथून तीन दिवसांनी, सात दिवसांनी अशी चालते, ओरखडा कसा आहे ते पाहून जखमेतलं वेगळं इंजेक्शन लागते का तेही तेच ठरवतील. ब्रुनोला 10 दिवस डोळ्यासमोर ठेवा, खातो का, गिळायला त्रास आहे का, वागणं बदललं का. घरात राहणारं, आधी लस झालेलं कुत्रं आहे, शक्यता कमीच आहे, पण हा आजार सुरू झाला की औषध नाही, म्हणून कोणी यात चान्स घेत नाही.

ब्रुनोचा_बाप | 10:40
म्हणजे मी स्वतः जाऊन सांगायचं की माझ्या कुत्र्याची लस झालेली नाही? उद्या मीटिंग आहे आणि आज हे? ते लिहून घेतील माझ्याकडून. कट्टा साहेब, कायद्याच्या दृष्टीनं कबुली दिल्यासारखं नाही का होणार?

कायदा_कट्टा | 10:43
होईल. जा तरी.

निवृत्त_मास्तर | 10:45
मी पस्तीस वर्षं शाळेत होतो. एका पोराला कुत्रं चावल्याचं घरी सांगायला भीती वाटली होती, मार बसेल म्हणून. पुढचं लिहीत नाही. जा बाबा.

भुरीची_मावशी | 10:46
मास्तरांशी पहिल्यांदा सहमत.

तर्री_जास्त | 10:50
माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या काकाजींना कुत्र्याच्या शीचा त्रास होते पण स्वतः जिन्यात खर्रा थुंकतात तेव्हा काही नाही. आमच्या स्कीममध्ये तर लिफ्टचा कोपराच लाल झाला आहे. त्यावर मीटिंग लावा म्हणा पहिले.

नवतपा_45 | 10:54
खर्रा थुंकणाऱ्यामुळे तुमची शी माफ होत नाही भाऊ. मी जुना पेपर नेतो, बसायला लागला की खाली सरकवतो, गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. काही लोकं म्हणतात झाडाला खत होते. गाईच्या शेणासारखं नाही ते, जंताची अंडी असतात त्यात, आणि पोरं तिथंच मातीत खेळतात.

इतवारी_एक्सप्रेस | 10:58
ट्रेनचं कोणी सांगते का?

ब्रुनोचा_बाप | मंगळवार, दुपारी 1:20
सगळ्यांना सांगतो. रात्री अकराला गेलो त्यांच्याकडे. दार उघडल्यावर पहिले पाच मिनिटं ऐकूनच घेतलं. जखम नुसती हळद लावून ठेवली होती त्यांनी. मग मीच म्हटलं की चला, माझ्या गाडीत बसा. मेडिकलला गेलो, पोराला पहिली सुई झाली, दुसरी गुरुवारी आहे, नेणं-आणणं माझ्याकडे. पोराच्या बापाचा मूड अजून ठीक नाही, तो का असावा म्हणा.
मीटिंगमध्ये पाऊण तास पार्किंगवरच गेला. आमचा विषय शेवटी आला. परिपत्रकाची प्रिंट खिशातच होती, काढलीच नाही, तोंडानं सांगितलं की लस उशिरा झाली, आज करून घेतो, आणि खाली आणताना पट्टा हातात असेल. लिफ्टला हो म्हणाले, पण आत कोणी असेल तर आम्ही थांबायचं. जाळीचं दहा दिवसांनंतर बोलू म्हणाले. बायको म्हणते फोन आणि कुत्रं एका वेळी एकच न्यायचं.
आता प्रश्न असा की तो दुसऱ्याच्या हातातलं खायला झेपावतो, ते सोडवायचं कसं? मारून नाही, मारलं की आणखी येडा होते.

हार्नेस_मास्टर | 1:31
हार्नेस.

व्हेट_कॉलेजची_पोरगी | 1:44
लस करायला नेताना डॉक्टरला ओरखड्याचं आधी सांगा, दहा दिवस संपेपर्यंत थांबायचं की कसं ते ते सांगतील. झेपावण्यासाठी घरापासून सुरुवात करा. मुठीत बिस्किट बंद, तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, मूठ उघडायची नाही. ज्या क्षणी तो तोंड मागे घेतो त्या क्षणी "सोड" म्हणून दुसऱ्या हातातलं द्यायचं. मुठीतलं कधीच नाही. आठ-दहा दिवसांनी जमिनीवर ठेवून, मग जिन्यात, मग सकाळी रिकाम्या रस्त्यावर पाच मीटरची लांब दोरी लावून. फुटाळा सर्वात शेवटी, आणि रविवारी संध्याकाळी तर नाहीच, तिथं माणसालाच भुट्ट्यावर झेपावावंसं वाटते. जाळीची सवय पण आता लावून ठेवा, सक्ती असो नसो. तोंड पूर्ण आवळणारी कापडी नको, टोपलीसारखी घ्या ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, नाहीतर या उन्हात त्याचाच जीव जाईल.

दोन_पोरांची_आई | 1:52
रात्री गेलात ते बरं केलं. त्या पोराला आता कुत्र्यांची भीती बसेल, तुमच्या ब्रुनोला इतक्यात त्याच्यासमोर "बघ किती गोड आहे" करून आणू नका. त्याला वाटलं तर तो येईल.

ब्रुनोचा_बाप | 1:55
हो ताई.

नवतपा_45 | 2:10
एक्सप्रेस भाऊ, ट्रेनचं सांगतो. सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तुमच्या नावानं पाहिजे, नाहीतर गार्डच्या डब्यात कुत्र्याचा बॉक्स असते त्यात बुक करता येते. मे महिन्यात त्या बॉक्समध्ये टाकू नका.

इतवारी_एक्सप्रेस | 2:16
अख्खा कूपे? मग सासूबाईंनाच इकडे बोलावतो. त्यांना स्लीपर चालते.