गामलाचा वेढा: जोसेफसवर कितपत विसंबावे?

प्रश्न

गोलान पठारावरील गामला या ज्यू नगराविषयी पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफसने लिहिलेले वर्णन नुकतेच वाचले. उंटाच्या मदारीसारख्या कड्यावर एकावर एक रचल्यासारखी घरे, इ.स. ६७ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पाशियनने तीन लीजननिशी (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांनिशी) घातलेला वेढा, आणि अखेरीस चार हजारांची कत्तल व पाच हजारांनी दरीत घेतलेली उडी, हे सारे वाचून मन सुन्न झाले. मात्र जोसेफस रोमविरुद्धच्या ज्यूंच्या याच युद्धात आधी ज्यूंचा सेनापती होता आणि नंतर रोमनांच्या आश्रयाला गेला. उत्खननातून त्याच्या सांगण्याला कितपत दुजोरा मिळतो?

प्रतिसाद १

भूगोलाच्या बाबतीत पुष्कळच मिळतो. १९६८ मध्ये यित्झाकी गाल यांनी ही जागा ओळखली, ती या वर्णनाशी ताडूनच. पुढे १९७६ ते १९८९ या काळात श्मार्या गुटमन यांनी येथे उत्खनन केले. इतर बाजूंना खोल घळी असल्यामुळे तटबंदी फक्त पूर्वेला आहे आणि तीही एकसंध नाही: कडेच्या घरांच्या भिंती जाड करून आणि काही खोल्या दगडांनी बुजवून ती उभी केलेली दिसते. गामलाची तटबंदी आपण केली असे जोसेफस सांगतो. हे घाईचे काम पाहिले की ते पटते.

प्रतिसाद २

लढाईचा पुरावा तर त्याहून बोलका आहे. यंत्रांनी फेकलेले बेसॉल्टचे सुमारे दोन हजार गोल दगड आणि सुमारे सोळाशे बाणाग्रे येथे सापडली असून तटाला पडलेले खिंडारही ओळखता येते.

मला स्वतःला सर्वांत जास्त चटका लावते ते तटालगतचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. जेरुसलेमचे मंदिर (जे रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले) अजून उभे असतानाच्या काळातील ही वास्तू असल्यामुळे तिचे महत्त्व मोठे आहे. भिंतींच्या कडेने पायऱ्यांसारखी दगडी बैठक, मध्ये खांबांच्या रांगा, आणि त्याच दालनात साध्या चुली, स्वयंपाकाची मडकी व साठवणीचे रांजण! वेढ्याच्या दिवसांत आसपासच्या गावांतून आलेल्या निर्वासितांनी तेथे आसरा घेतला असावा, असा उत्खनकांनी काढलेला निष्कर्ष मला योग्य वाटतो.

प्रतिसाद ३

दरीतील उडीविषयी मात्र सावध राहावे. मानवी अवशेष म्हणून येथे जबड्याचे एक हाड तेवढे मिळाले. मृतांना नंतर कोणी अन्यत्र पुरले असण्याची शक्यता असल्यामुळे एवढ्यावरून कत्तल झालीच नाही असे म्हणता येत नाही, परंतु पाच हजारांच्या आत्मघातालाही त्यातून आधार मिळत नाही. उत्तरेकडील तीव्र उतारावरून जीव वाचवण्यासाठी पळताना लोक चेंगरले व कोसळले असावेत, असे काही अभ्यासक मानतात आणि मलाही तेच अधिक संभवनीय वाटते. प्राचीन इतिहासकारांचे आकडे शब्दशः घेऊ नयेत; जोसेफस त्याला अपवाद नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. वेढ्यात अडकलेल्या लोकांचे स्वतःचे काही शब्द मागे उरले आहेत का?

प्रतिसाद २ चे लेखक

हो, नाण्यांवर. गामलातच ओबडधोबड पाडलेली कांस्याची मोजकी नाणी मिळाली आहेत. त्यांवरील अक्षरे नीट उमटलेली नसल्यामुळे वाचनाविषयी मतभेद आहेत, परंतु एका बाजूला ‘मुक्तीसाठी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पवित्र जेरुसलेम’ असे वाचन सामान्यतः स्वीकारले जाते.