मदत हवी आहे : पुरात माणसं वाचवणाऱ्या आमच्या वॉचमनदादांचा महापालिकेकडून रीतसर सन्मान कसा होईल?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या बाजूला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. २५ जुलै २०२४ची पहाट इथलं कोणी विसरणार नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढत वाढत सुमारे ३५,००० क्युसेकपर्यंत गेला आणि आम्ही सगळे गाढ झोपेत होतो.

आमचे वॉचमनदादा मूळचे नांदेडकडचे. (नाव मुद्दाम देत नाही, त्यांना विचारल्याशिवाय देणं बरं नाही.) बायको आणि दोन मुलांसह पार्किंगमधल्या खोलीत राहतात, त्यामुळे पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच दारात आलं. त्यांनी घरच्यांना जिन्यावर बसवलं आणि स्वतःचं सामान न हलवता आधी मीटरच्या खोलीत जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला. पाणी तेव्हा गुडघ्याखाली होतं. त्याच रात्री डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला, हे आम्हाला सकाळी बातम्यांत कळलं. दादांना ते कुठून माहीत असणार? त्यांना एवढंच सुचलं की पाणी मीटरपर्यंत चढायच्या आत वीज गेली पाहिजे.

मग तळमजल्याची चारही दारं त्यांनी बडवली. तीन घरातली माणसं वर आली. चौथ्या घरात ८२ वर्षांच्या आजी एकट्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, आणि तोवर पाण्याच्या जोराने दार उघडेना. दादांनी टेम्पोवर सामान बांधायचा नायलॉनचा दोर जिन्याच्या कठड्याला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि मागच्या बाजूने बाल्कनीतून आत गेले. मी पहिल्या मजल्यावरून टॉर्च धरून उभी होते. छातीपर्यंत पाणी, त्यात तरंगणारं सिलिंडर आणि दादांच्या पाठीवर आजी. आजींनी एका हाताने त्यांच्या गळ्याला मिठी मारलेली आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी पाण्याच्या वर उंच धरलेली. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

शेजारच्या बैठ्या घरांतलं एक कुटुंबही त्यांनी त्याच दोराने आणलं. एकूण सात माणसं. लष्कराची आणि अग्निशमन दलाची मदत पुढे एकतानगरीत पोहोचली, पण आमच्या गल्लीत त्या पहिल्या तासात दादांशिवाय कोणी नव्हतं. त्यांच्या खोलीतलं मात्र काही उरलं नाही. वहिनींचं शिलाई मशीन, मुलांची दप्तरं, धान्याचे डबे, सगळं गेलं. सोसायटीने वर्गणी काढून नवीन मशीन घेऊन दिलं, पण ते नुकसान भरून देणं झालं. त्यांनी केलेल्या कामाची नोंद कुठेच नाही.

आता हा विषय मनाला एवढा का लागलाय ते सांगते. माझ्या सासूबाई १२ जुलै १९६१ला, पानशेत धरण फुटलं तेव्हा, अकरा वर्षांच्या होत्या. शनिवार पेठेत राहायच्या. त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला एका माणसाने पत्र्यावर ओढून घेतलं. तो माणूस कोण, कुठला, हे घरात कोणालाच कधी कळलं नाही. सासूबाई दरवर्षी त्या तारखेला देवापुढे दिवा लावतात आणि म्हणतात, "त्याचं नाव तरी माहीत हवं होतं." आमच्या दादांचं तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

मागच्या वर्षी मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले होते. तिथे सांगितलं, नगरसेवकांचं पत्र आणा. मार्च २०२२पासून सभागृहच नव्हतं, पत्र कोणाचं आणणार? दुसऱ्या खेपेला कळलं की अर्ज सापडत नाही. माझ्याकडे पोच नव्हती, ती माझी चूक.

आता जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली, प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत. म्हणून पुन्हा उठलेय. महापालिकेत नागरिकांच्या शौर्यासाठी ठरलेला असा काही पुरस्कार असतो का? बालगंधर्व पुरस्कार, स्वरभास्कर पुरस्कार हे माहीत आहेत, पण ते कलावंतांसाठी. मानपत्र कोण देतं, ठराव कोण मांडतं, अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा? आणि कोणीतरी म्हणालं की राष्ट्रपतींचं पदकही असतं. ते खरं आहे का?

प्रतिसाद १

ताई, वाचताना अंगावर काटा आला. जीव वाचवणाऱ्याला केंद्राकडून २५,००० रुपये मिळतात ना? 'राहवीर' का काहीतरी नाव आहे. तिथे अर्ज करून बघा.

प्रतिसाद २

राहवीर ही योजना फक्त रस्ते अपघातातल्या जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्यांसाठी आहे. पुराला लागू नाही. त्यात वेळ घालवू नका.

मी महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालोय, मुख्य सभेचं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचं, कामकाज जवळून पाहिलंय. अनुभवावरून सांगतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करा.

पहिली, महापालिकेचा सन्मान. मुख्य सभेत अभिनंदनाचा ठराव येऊ शकतो. पण तो नगरसेवकच मांडू शकतो, नागरिक नाही. सूचक (मांडणारा) एक आणि अनुमोदक (पाठिंबा देणारा) दुसरा. तुमच्या प्रभागातले सगळे नगरसेवक एकाच पक्षाचे असले तरी अनुमोदनाला दुसऱ्या पक्षाचा सभासद मिळतोय का बघा. मग तो कोणाचा एकट्याचा कार्यक्रम होत नाही, शहराचा होतो. अशा ठरावाला पैसा लागत नाही, म्हणून तो लवकर होतो. ठराव झाला की इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, नाव येतं. तुमच्या सासूबाई जे म्हणतात ना, नाव माहीत हवं होतं, त्याला याहून पक्की जागा नाही. शाल-श्रीफळ त्यानंतर महापौरांच्या दालनातही होईल. रोख रकमेचा पुरस्कार मागायला गेलात तर अर्थशीर्षक (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), तरतूद, स्थायी समिती असं सगळं मागे लागेल. सध्या तो हट्ट धरू नका.

दुसरी, जीवन रक्षा पदक. हे खरं आहे आणि तुम्हाला घाई करायला हवी. बुडणं, आग, विजेचा धक्का, दरड अशा प्रसंगांत दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला हे मिळतं. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक, अशा तीन श्रेणी. राष्ट्रपतींच्या मंजुरीने जाहीर होतं, पण शिफारस राज्य सरकारकडून जावी लागते. म्हणून तुमचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने. घटनेला दोन वर्षं उलटली की प्रस्ताव विचारात घेत नाहीत. म्हणजे जुलै २०२६च्या बऱ्याच आधी तुमचे कागद पुढे सरकलेले हवेत. वरच्या टेबलांनाही वेळ लागतो.

कागदांचं म्हणाल तर वर्णन एका पानात बसवा. किती वाजता, पाणी किती, कोणाला कुठून काढलं, स्वतःच्या जिवाला धोका कसा होता. 'देवासारखे धावून आले' असं लिहू नका. कमरेला दोर बांधून बाल्कनीतून आत गेले, हे लिहा. मेन स्विचचं जरूर लिहा, तो या हकिकतीचा कणा आहे. वाचलेल्या सातही जणांचे जबाब त्यांच्या सहीने घ्या, आजींचा सगळ्यात आधी. त्या दिवसाची अग्निशमन दलाकडची वर्दीची (मदतीसाठी आलेल्या कॉलची) नोंद आणि तुमच्या भागातल्या नुकसानीचा पंचनामा यांच्या प्रती मागा. मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

प्रतिसाद ३

सगळं बरोबर आहे, पण दादांना विचारलंत का? आमच्याकडे एका घरकामाच्या मावशींचा सत्कार ठेवला होता. त्यांना तीन तास स्टेजवर बसवून ठेवलं, दोन घरची कामं बुडाली, आणि भाषणं भलत्यांचीच झाली. मावशी घरी येऊन रडल्या. सत्कार करायचा असेल तर त्यांच्या सोयीच्या वेळेला, मुलांना पुढच्या रांगेत बसवून करा.

धागाकर्ती

प्रतिसाद ३, तुमचे फार आभार. खरं सांगते, मी विचारलं नव्हतं. काल संध्याकाळी खाली जाऊन विचारलं. दादा आधी नको नको म्हणाले. "ताई, आजी काय परक्या होत्या का?" मग वहिनी आतून म्हणाल्या की मोठ्याच्या शाळेत मुलं त्याला वॉचमनचा पोरगा म्हणतात, एखादा शिक्क्याचा कागद मिळाला तर तो वर्गात दाखवेल. त्यावर दादा काही बोलले नाहीत, पण आधार कार्डाची झेरॉक्स आणून माझ्या हातात दिली.

काका (प्रतिसाद २), तुमच्या सांगण्याप्रमाणे वर्णन लिहून काढलं, एक पान आणि चार ओळी झाल्या, अजून छाटते. आजींच्या मुलीशी बोलणं झालंय. आजी आता चिंचवडला लेकीकडे असतात, रविवारी जाऊन जबाब लिहून घेणार आहे. सही जमणार नाही, हात थरथरतो, अंगठा चालेल ना? साक्षीदार म्हणून लेकीची सही घेऊ का? प्रभागातल्या एका नगरसेविकांनी सोमवारी सकाळी भेटायला बोलावलंय. जिल्हाधिकारी कार्यालयात मंगळवारी जाईन.

आता सगळ्यांना एक विनंती. त्या पहाटे एकतानगरी, विठ्ठलनगर, निंबजनगर भागात कोणी मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर जुन्या फोनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपमध्ये जरा शोधाल का? आमच्या गेटसमोर निळी पाण्याची टाकी उलटी पडली होती आणि कठड्याला पिवळा दोर बांधलेला होता. पाच ते साडेसहाच्या दरम्यानचं काहीही चालेल, अंधुक असलं तरी. इथेच प्रतिसादात सांगा, मी येऊन घेऊन जाईन.